ओस पडणारं गाव सावरतं कसं?

गावाची तब्येत पाहायची असेल तर आधी शाळेचा पट बघावा. ४० मुलांची शाळा २० वर येते, मग १२ वर. एक दिवस लांबच्या कार्यालयात बसलेला अधिकारी हिशोब मांडतो की १२ मुलांसाठी दोन शिक्षक परवडत नाहीत. त्याच्या जागी त्याचा हिशोब बरोबरच असतो. शाळा बंद होते. मग ज्या घरांत लहान मुलं आहेत ती घरं आधी हलतात, कारण सहा वर्षांच्या पोराला रोज दहा किलोमीटर एकटं कोण पाठवणार? तरुण कुटुंबं गेली की बसला प्रवासी मिळत नाहीत, एक फेरी रद्द होते. येण्याजाण्याची सोय नाही म्हणून दवाखान्यात नर्स टिकत नाही. नर्स नाही म्हणून म्हातारी माणसं मुलांच्या मागे शहरात जातात. या साखळीतला प्रत्येक निर्णय घेणाऱ्याच्या दृष्टीने शहाणपणाचाच होता, आणि तरी शेवटी आळीच्या आळी कुलूपबंद झाली.

गाव का ओस पडतं असं विचारलं की बहुतेक जण दोनच कारणं सांगतात: शेती परवडत नाही आणि नोकऱ्या शहरात आहेत. दोन्ही खरी आहेत. यंत्रं आली, शेतीला लागणारे हात कमी झाले, हे जगभर घडलं आणि ते उलटं फिरणार नाही. पण तेवढ्याने सगळं समजत नाही. सारखीच जमीन, सारखाच पाऊस आणि शहरापासून सारखंच अंतर असलेल्या दोन गावांपैकी एक रिकामं होतं आणि दुसरं तग धरतं, असं का? जी गावं सावरली त्यांच्या गोष्टी वाचताना मला एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. शाळा, पाणी, जंगल, घरं, वीज यांबद्दलचे निर्णय तिथे कुठल्या तरी मार्गाने गावाच्या हातात परत आले होते. आणि निर्णयाबरोबर थोडा पैसा व त्याची जबाबदारीही आली होती.

यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांची नेहमी गल्लत होते. एक म्हणजे स्थानिक सरकार, मग त्याला ग्रामपंचायत म्हणा, नगर परिषद म्हणा, कम्यून म्हणा. त्याच्याकडे कायद्याची ताकद असते. ते कर लावू शकतं, ठराव करू शकतं, कर्मचारी नेमू शकतं आणि दर काही वर्षांनी त्याला मतदारांसमोर उभं राहावं लागतं. दुसरी गोष्ट म्हणजे गावातली माणसं, त्यांची एकमेकांशी असलेली ओळख, श्रमदान, आणि कुठला ओढा कुठल्या महिन्यात आटतो याची कुठल्याही नकाशात न सापडणारी माहिती. नुसती पंचायत असेल तर कारभार हळूहळू टेंडर आणि बिलांपुरता उरतो. आणि पंचायतीला बाजूला ठेवून माणसं एकत्र आली तर दोन-तीन वर्षं उत्साहात जातात, मग पुढाकार घेणारे थकतात, कारण बांधलेला बंधारा दुरुस्त करायला दरवर्षी पैसा कुठून येणार याचं उत्तर त्यांच्याकडे नसतं. दोन्ही एकत्र आल्यावर काय होतं ते पाहायला जपानमधल्या एका बेटावर जाऊ.

जपानच्या शिमाने प्रांतात ओकी द्वीपसमूह आहे आणि त्यातल्या एका बेटावर आमा नावाची नगरपालिका आहे. १९५० च्या सुमारास तिथे जवळपास ७,००० माणसं राहत होती, २००० नंतर ती अडीच हजारांच्याही खाली गेली. बांधकामाच्या सरकारी कामांवर बेट चालत होतं आणि त्या कामांसाठी काढलेल्या कर्जाने पालिका बुडायला आली होती. त्याच काळात जपान सरकार छोट्या पालिकांचं विलीनीकरण करत होतं. देशातल्या सुमारे ३,२०० पालिका दहाएक वर्षांत १,७०० च्या आसपास आल्या. आमाने विलीनीकरणाला नकार दिला.

नकार देणं सोपं, निभावणं कठीण. २००२ मध्ये निवडून आलेले नगराध्यक्ष यामाउची मिचिओ यांनी आधी स्वतःच्या पगाराला कात्री लावली, पुढे ती कपात ५० टक्क्यांवर गेली. त्यामागोमाग कर्मचाऱ्यांनी आपणहून पगार कमी करून घेतले. वाचलेल्या पैशाचा काही भाग बाळंतपण आणि मुलांच्या संगोपनासाठी मदत म्हणून वापरला गेला. माझ्या मते सगळ्या कहाणीतला सर्वांत मोलाचा क्षण हाच आहे. पालिका आपल्यासोबत भार उचलते आहे हे दिसल्यावर लोकांनी पुढच्या गोष्टी मनावर घेतल्या. त्यानंतर पालिकेने खास शीतकरणाची यंत्रणा आणली. आमाचे मासे, माकुळ आणि कालवं चांगली असत, पण बोटीने मुख्य भूमीवर पोहोचेपर्यंत ताजेपणा आणि भाव दोन्ही उतरत. माल ताजा राहू लागल्यावर मच्छीमाराला घाई करून पडत्या भावात विकायची गरज राहिली नाही.

खरा पेच मात्र शाळेचा होता. परिसरातल्या तीन छोट्या पालिकांना मिळून एकच उच्च माध्यमिक विद्यालय होतं, ओकी दोझेन. २००८ मध्ये तिथे नव्याने दाखल झालेली मुलं ३० सुद्धा नव्हती. विद्यालय बंद झालं असतं तर प्रत्येक मूल पंधराव्या वर्षी बेट सोडून गेलं असतं, आणि अनेकदा त्याच्याबरोबर त्याचं कुटुंबही. शाळा प्रांताच्या अखत्यारीतली होती, म्हणजे कागदोपत्री पालिकेचा तिच्याशी संबंध नव्हता. तरीही तिन्ही पालिका, शिक्षक आणि पालक एकत्र बसले. बेटाचेच प्रश्न अभ्यासाचा विषय बनवणारा अभ्यासक्रम त्यांनी आखला, संध्याकाळच्या शिकवणीसाठी सार्वजनिक केंद्र सुरू केलं आणि मुख्य भूमीवरच्या मुलांना वसतिगृहात राहून इथे शिकायला या असं निमंत्रण दिलं. दशकभरात पट जवळपास दुप्पट झाला. शेकडो नवे लोक आमामध्ये राहायला आले. लोकसंख्या पुन्हा ७,००० झाली नाही आणि होणारही नाही. ती अडीच हजारांच्या थोडं खाली स्थिरावली. घसरण थांबली आणि मुलांचा आवाज राहिला, एवढं यश मला पुरेसं मोठं वाटतं.

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एग या बेटाची अडचण आणखी मुळातली होती. तिथे जमीनच लोकांची नव्हती. सगळं बेट एका मालकाचं, आणि मालक बदलत राहायचे. राहणाऱ्यांना लांब मुदतीचा भाडेकरार मिळत नसे. उद्या घर सोडायला सांगतील अशी धाकधूक असेल तर आज छप्पर कोण शाकारेल? बेटावरच्या लोकांनी स्थानिक परिषद आणि एक वन्यजीव संस्था यांच्यासोबत न्यास स्थापन केला आणि हजारो माणसांच्या देणग्या, त्यात एका निनावी दात्याची फार मोठी रक्कम, यांतून जून १९९७ मध्ये अख्खं बेट विकत घेतलं. तेव्हा तिथे ६५ च्या आसपास माणसं होती, आज शंभरावर आहेत.

बेटाला मुख्य भूमीवरून वीज येत नाही. घराघरांत डिझेलचे जनरेटर होते. २००८ मध्ये तिथे पाणी, वारा आणि सूर्य यांच्यापासून वीज बनवणारी सामाईक व्यवस्था सुरू झाली. वीज मर्यादित, म्हणून प्रत्येक घराला एका वेळी ५ किलोवॅट आणि प्रत्येक व्यवसायाला १० किलोवॅट अशी मर्यादा ठरली. घर लहान असो की मोठं, मर्यादा तीच. ५ किलोवॅट म्हणजे किती? विजेची किटली आणि कपडे धुण्याचं यंत्र एकदम चालेल, पण त्यात हीटर आणि ओव्हनची भर घातली तर पुरवठा तुटतो आणि जोडून घ्यायला बेटावरच्याच माणसाला बोलवावं लागतं. आपण मर्यादा ओलांडली हे शेजाऱ्याला कळतं. हा नियम बाहेरच्या वीज कंपनीने लादला असता तर लोकांनी पळवाटा शोधल्या असत्या. तो त्यांनीच बैठकीत ठरवलेला असल्यामुळे टिकला आहे.

नियम का टिकतात आणि का मोडतात यावर एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी आयुष्यभर काम केलं. अर्थशास्त्राचं नोबेल मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला, साल २००९. जंगल, कुरण, मासेमारीचं पाणी, कालवा अशा सामाईक गोष्टी एक तर सरकारने ताब्यात घ्याव्यात किंवा खासगी मालकाला द्याव्यात, नाहीतर लोक त्या ओरबाडून संपवतात, असं तेव्हा सर्रास मानलं जाई. ऑस्ट्रॉम यांनी दाखवून दिलं की तिसरी वाट शतकानुशतकं चालू आहे. स्वित्झर्लंडमधल्या टोर्बेल गावाचं उदाहरण त्यांनी वापरलं. तिथल्या १५१७ च्या नियमानुसार हिवाळ्यात स्वतःच्या वैरणीवर जितक्या गाई पोसता येतील तितक्याच गाई उन्हाळ्यात डोंगरावरच्या सामाईक कुरणात सोडता येत. किती साधं मोजमाप आहे बघा. गाई मोजायला बाहेरचा अधिकारी लागत नाही, कुणाच्या गोठ्यात किती जनावरं आहेत हे सगळ्या गावाला ठाऊक असतं. त्यांच्या अभ्यासाचा गाभा सांगायचा तर असा: जे वापरतात त्यांनीच नियम करावेत, लक्षही त्यांनीच ठेवावं, चुकणाऱ्याला आधी हलकी आणि मग वाढती शिक्षा असावी, भांडण जवळच आणि स्वस्तात मिटावं, आणि वरच्या सरकारने या व्यवस्थेला मान्यता द्यावी. शेवटची अट विसरून चालत नाही. गावाने केलेला नियम तहसील कचेरीत कुणी मानतच नसेल तर तो पहिल्याच दांडग्या माणसासमोर कोसळतो.

महाराष्ट्रातलं हिवरे बाजार हे याच तत्त्वावर उभं आहे. नगर जिल्ह्यातलं, आता अहिल्यानगर, जेमतेम ४०० मिलिमीटर पावसाचं गाव. १९७२ च्या दुष्काळानंतर लोक कामासाठी बाहेर पडत राहिले. १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले, पुढे आदर्श गाव योजनेतून पाणलोटाची कामं झाली. बंधारे आणि चर तर अनेक गावांत झाले, मग हिवरे बाजार वेगळं का ठरलं? मला वाटतं, साठलेल्या पाण्याचा हिशोब तिथे दरवर्षी ग्रामसभेत होतो म्हणून. पर्जन्यमापकावरून पाऊस किती झाला ते पाहायचं, माणसांचं आणि जनावरांचं पिण्याचं पाणी आधी बाजूला काढायचं, जमिनीत मुरलेलं काही पाणी पुढच्यासाठी राखायचं आणि उरलेल्यावर कुठलं पीक किती घ्यायचं ते ठरवायचं. पाऊस कमी तर पेराही कमी. शेतीसाठी बोअर घ्यायची नाही आणि उसासारखं तहानलेलं पीक लावायचं नाही, हेही गावाने ठरवलं. पाणी टिकलं तेव्हा बाहेर गेलेली कुटुंबं परत आली.

गडचिरोलीतलं मेंढा-लेखा हे गोंड आदिवासींचं छोटं गाव यापुढे एक पाऊल गेलं. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, आणि २०११ मध्ये आपला बांबू स्वतः विकण्याचा अधिकारही प्रत्यक्षात आला. पण मला त्याहून जास्त भावते ती त्यांची बैठकीची रीत. गावात ग्रामसभेशिवाय एक अभ्यास मंडळ असतं. तिथे बाहेरचा जाणकारही येऊन बसू शकतो, कायदा समजावून सांगू शकतो, वाद घालू शकतो. फक्त तिथे निर्णय होत नाही. निर्णय ग्रामसभेत, गावकऱ्यांनीच, आणि तोही मत मोजून होत नाही, सर्वांच्या सहमतीने होतो. एकाचा विरोध राहिला तर विषय पुढच्या बैठकीपर्यंत थांबतो. वेळ लागतो, खूप लागतो. पण ५१ विरुद्ध ४९ ने झालेल्या निर्णयात ४९ जण दुसऱ्या दिवशीपासून तो मोडायची वाट बघतात, आणि ४०० माणसांच्या वस्तीला ते परवडत नाही. तज्ज्ञाला मान आहे, मताधिकार नाही, ही रचना अनेक मोठ्या संस्थांनी शिकण्यासारखी आहे.

आता पैशाकडे येऊ, कारण बहुतेक चांगले बेत तिथेच अडतात. भारतात ७३ वी घटनादुरुस्ती १९९३ मध्ये लागू झाली आणि पंचायतींना घटनेत जागा मिळाली. अकराव्या अनुसूचीत २९ विषय त्यांच्यासाठी मांडले आहेत, शेतीपासून प्राथमिक शिक्षणापर्यंत. पण विषय देणं राज्यांच्या मर्जीवर राहिलं, आणि कित्येक ठिकाणी काम पंचायतीकडे आलं, मात्र त्यासाठीचा निधी आणि माणसं खात्याकडेच राहिली. अशा पंचायतीला लोक शिव्या घालतात आणि खातं नामानिराळं राहतं. केरळने १९९६ च्या लोकयोजना मोहिमेत उलट केलं. राज्याच्या विकास निधीतला ३५ ते ४० टक्के भाग स्थानिक संस्थांना द्यायचं आधी ठरवलं आणि मग लोकांना सांगितलं, आता ग्रामसभेत बसून आराखडा करा. खर्चाला खरोखर पैसा आहे हे कळल्यावर लोक बैठकीला आले. नाहीतर निव्वळ मागण्यांची यादी करण्यासाठी दुपारची मजुरी कोण बुडवेल?

दक्षिण कोरियाचा अनुभव इथे जोडून सांगावासा वाटतो. १९७० मध्ये देशात सिमेंट जास्त झालं होतं. सरकारने सुमारे ३३,००० गावांना प्रत्येकी ३३५ पोती वाटली. ती घरोघरी वाटून टाकायची नव्हती, गावाने मिळून ठरवलेल्या सामाईक कामालाच वापरायची होती. काहींनी पूल, रस्ते, विहिरी केल्या, काहींचं सिमेंट वाया गेलं. पुढच्या खेपेला ज्यांनी काम करून दाखवलं त्या जवळपास निम्म्या गावांनाच आणखी सिमेंट आणि लोखंड मिळालं. गावांचं रूप बदललं, उत्पन्न वाढलं. पण ही मोहीम एका हुकूमशाही राजवटीची होती, वरून दबाव होता, जुनी छपरं सक्तीने उतरवली गेली, आणि तरुणांचं शहराकडे जाणं काही थांबलं नाही. मागे पडलेल्या निम्म्या गावांचं काय, हा प्रश्नही मला सुटत नाही. ज्यांच्यात एकी आहे त्यांनाच मदत द्यायची म्हटलं तर जिथे भांडणं आणि दारिद्र्य जास्त, ती गावं आणखी मागे राहतात.

‘गाव’ हा शब्द एकवचनी आहे, पण गावात एकच हितसंबंध कधीच नसतो. जमीनदार आणि मजूर, वरची आळी आणि खालची वस्ती, बायका आणि पुरुष. गावाच्या हातात सत्ता दिली आणि ती चार घरांतच राहिली, असं सगळीकडे घडलं आहे. युरोपीय संघाने १९९१ पासून ‘लीडर’ नावाचा कार्यक्रम चालवला आहे. ग्रामीण भागाच्या निधीतला काही वाटा तिथल्या स्थानिक कृती गटांकडे सोपवला जातो आणि कुठला प्रकल्प घ्यायचा ते गट ठरवतो. त्यात एक नियम आहे: निर्णय घेणाऱ्या मंडळावर कुठल्याही एका हितसंबंधाच्या गटाचं नियंत्रण असता कामा नये. नियमाने सगळी दादागिरी जात नाही, पण निदान एकट्याच्या जोरावर ठराव रेटता येत नाही. महिलांसाठी राखीव जागा, त्यांची वेगळी सभा आधी घेणं, मजुरांना जमेल अशी बैठकीची वेळ ठेवणं, खर्चाचा फलक चावडीबाहेर लावणं, हेही त्याच कामाचे भाग आहेत. बैठकीला कोण आलं नाही हे आधी पाहावं, असं मी प्रत्येकाला सांगेन. न आलेल्यांच्या घरापर्यंत चालत जाण्याइतका स्वस्त उपाय दुसरा नाही.

दुसरा धोका एका माणसावर सगळं टेकण्याचा. वर घेतलेल्या बहुतेक उदाहरणांत कुणीतरी एक खमकं माणूस दिसतं, आणि ते साहजिक आहे, सुरुवात कुणीतरी करावीच लागते. पण तो माणूस आजारी पडला किंवा निवडणूक हरला तर पाण्याचा हिशोब कोण मांडणार? वह्या, नोंदी, नियम लिहून ठेवणं आणि दरवर्षी वेगळ्या तरुणाला हिशोबाला बसवणं, अशी कंटाळवाणी वाटणारी कामं म्हणूनच महत्त्वाची.

कुणाला आपल्या गावात आजच काही सुरू करायचं असेल तर मोठा आराखडा नको. गेल्या दहा वर्षांत कोणती घरं गेली आणि नेमकं कशामुळे, हे घराघरांत जाऊन लिहून काढावं. शाळेमुळे, पाण्यामुळे, लग्न जमेना म्हणून, की भाऊबंदकीमुळे. बहुतेक वेळा उत्तर रोजगार एवढंच असेल असं आपण धरून चालतो, आणि ते तितकं सरळ निघत नाही. मग पंचायतीचं अंदाजपत्रक मागून घ्यावं आणि त्या यादीशेजारी ठेवून वाचावं.

शेवटी उरतात ती बंद घरं. यायला तयार माणसं असतात आणि गावात रिकामी घरंही असतात, तरी राहायला जागा मिळत नाही, हे सावरू लागलेल्या गावांत हमखास दिसतं. वारस चार शहरांत विखुरलेले, सातबारा किंवा मालमत्ता पत्रकावर आजोबांचंच नाव, आणि ‘असू दे, कधीतरी येऊ’ अशी भावना. जपानमधल्या अनेक पालिका ‘आकिया बँक’ म्हणजे रिकाम्या घरांची नोंदवही चालवतात. पालिका मालकाच्या संमतीने घराची नोंद करते आणि येणाऱ्याशी गाठ घालून देते. नोंदवही करणं सोपं. मालकाला तयार करायला मात्र गावातलंच, त्याच्या ओळखीचं, त्याच्या आईवडिलांना पाहिलेलं कुणीतरी लागतं. ते दोनदा फोन करतं, तिसऱ्यांदा करतं, घराचं छप्पर कुठे गळतंय ते सांगतं, आणि सणाला आलात की किल्ली माझ्याकडे देऊन जा म्हणतं.